देवीकडे पाठ केलेलं धान

मी पुण्याच्या कॉलेजात सायन्सच्या पहिल्या वर्षाला गेलो, तेव्हा आमच्या पासली गावात माझ्याएवढा शहाणा माणूस दुसरा नव्हता. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझं मीच ठरवलं होतं. एकोणीसशे तीसनंतरची ती वर्षं. नवरात्राला घरी आलो तो चार महिन्यांचं विज्ञान घेऊन, आणि ते कुणाला तरी ऐकवल्याशिवाय मला घास गोड लागत नव्हता.

पहिल्याच दिवशी वडिलांना सांगितलं, की ऊन म्हणजे लाटा असतात. पुण्यात एका दुकानापुढे उभं राहून रेडिओ ऐकला होता. त्याच्या लाटाही त्याच घराण्यातल्या, फक्त लांबी वेगळी. झाडाला यातल्या काही लाटा कळतात, काही कळत नाहीत. वडील खाचराकडे निघाले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि रेडिओपाशी घट बसवला तर धान गाणं म्हणेल का, एवढंच विचारलं. मी चिडलो.

घट नुकताच बसला होता. आमच्याकडे देवघराच्या अंधाऱ्या खोलीत पत्रावळीवर माती पसरून गहू पेरतात, मधोमध पाण्याचा घट ठेवतात, आणि देवीपाशी नऊ दिवस दिवा तेवत असतो. अंधारात धान उंच आणि पिवळंधमक येतं, दिव्याकडे म्हणजे देवीकडे कलतं, आणि दसऱ्याला ते पुरुषांच्या पागोट्यात खोवलं जातं. जितकं उंच आणि पिवळं, तितकं घराचं चांगलं. त्या वर्षी घटाला पाणी घालायचा मान आईने नव्या वहिनीला दिला होता. ती सारोळ्याची, लग्नाला सहा महिनेही झाले नव्हते. गहूसुद्धा तिच्या माहेरचा होता. धान कसं येतं त्यावर तिचा आमच्या घरातला पायगुण ठरणार, हे मी सोडून सगळ्यांना कळत होतं.

मला दिसत होता फक्त पिवळा रंग. उजेड न मिळालेलं रोप पिवळं पडतं, ते आजारी असतं, असं मी वहीत लिहून घेतलं होतं. आजारी रोपं देवीसमोर वाढवायची आणि वर डोक्यावर मिरवायची, या अडाणीपणाचा बंदोबस्त मलाच करणं भाग होतं. घट जागचा हलवायचा नसतो, हे ठाऊक होतं. मग मी ऊनच हलवायचं ठरवलं. तिसऱ्या दिवशी भर दुपारी, घरची माणसं शेतावर आणि वहिनी त्यांच्या भाकऱ्या घेऊन गेलेली असताना, मी छपरावर चढलो आणि देवघराच्या दाराकडचं एक कौल सरकवलं. दोन तासांनी परत बसवलं. असं पाच दिवस केलं. तापलेल्या कौलांनी ढोपरं भाजली, तेव्हा विज्ञानासाठी हाल सोसणाऱ्या थोर माणसांच्या पंगतीत मी स्वतःला बसवून टाकलं. खाली उतरून धानाकडे नीट बघावं, हे मात्र एकदाही सुचलं नाही. उत्तर आधीच माहीत होतं, मग बघायचं कशाला?

अष्टमीला वाडीतल्या बायका घट बघायला आल्या. धान बोटभर, हिरवंगार, आणि जवळजवळ सगळं देवीकडे पाठ करून दाराच्या बाजूला वाकलेलं. प्रयोग इतका यशस्वी झाला होता की मीसुद्धा दचकलो. बायका वाकून बघू लागल्या. मग आमच्या चुलतीने सगळ्यांसमोर वहिनीला विचारलं, की विटाळात घटाला हात लावलास का. वहिनी मान खाली घालून नाही म्हणाली. चुलतीने पुन्हा विचारलं. आईने वहिनीच्या हातातला तांब्या काढून घेतला.

मी तिथेच उंबऱ्याशी उभा होतो. रोप उजेडाकडे वळतं, या विषयावर मी अर्धा तास बोलू शकलो असतो. तोंडातून अक्षर फुटलं नाही. बायकांसमोर आपली शोभा होईल, एवढीच भीती होती. त्या भित्रेपणाची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी, खंडेनवमीला, वडील कोयते-कुऱ्हाडी पूजेला मांडत असताना मी आईला सगळं सांगून टाकलं. ती आता घर डोक्यावर घेईल असं वाटलं होतं. ती हसली. छपरावरून पडला असतास म्हणजे, असं म्हणाली आणि ढोपरांना लावायला खोबरेल दिलं. संध्याकाळपर्यंत पोरगं लई शिकलंय, देवीचं धान फिरवतंय, असं वाडीभर झालं. विटाळाचं मला कुणी विचारलं नाही. वहिनीच्या हातात तांब्या परत आला, पण तिच्याशी त्याबद्दल कुणी एक शब्द बोललं नाही.

मी माफी मागायला चुलीपाशी गेलो आणि सवयीप्रमाणे लाटांपासून सुरुवात केली. वहिनीने भाकरी उलटली.

“पैल्याच दिशी बगितलं म्या तुमाला, शेतावनं येताना, कौलावर,” ती म्हणाली.

मग आईला का सांगितलं नाही, असं मी विचारलं.

“माजं कोण ऐकनार हितं, भावजी?” तिने भाकरी तव्यावरून काढली. मग म्हणाली, “कडंच्या चार कोंबांच्या शेंड्याला म्या पळसाच्या पानाची बारकी टोपरी घातली हुती. उनानं करपू नयेत म्हनून. ते वळलंच न्हाईत. सरळ हाईत, बगा जाऊन. वळायचं शेंड्याला कळतं जनू, खाली न्हाई.”

मी मोठेपणाने मान डोलावली आणि बघायला गेलो नाही. दसऱ्याला धान उपटलं गेलं.

दिवाळीनंतर कॉलेज सुरू झालं. एके दिवशी प्रोफेसरांनी फळ्यावर दोन कोंब काढले. एक उजेडाकडे वाकलेला. दुसरा सरळ, त्याच्या शेंड्यावर टोपी. उजेड शेंड्याला कळतो, असं सांगून त्यांनी विचारलं, की हे तुमच्यापैकी कुणी स्वतः पाहिलंय का.

मी हात वर केला नाही. पाहिलं होतं ते वहिनीने. आणि तिला आम्ही काय विचारलं होतं, तर विटाळाचं.