डोळ्याखालचा भोवरा

आमचे हे टायफॉईडनं खाटेवर पडले होते आणि मी त्यांना न विचारता त्यांची घोडी विकून टाकली. या वयात कबूल करायला लाज कसली. तेव्हा मी तिशीची होते आणि लय शहाणी, निदान मला तसं वाटायचं.

घोडी गरीब, रवाल चालीची. वर बसलेल्याच्या हातातला चहा हिंदकळायचा नाही, अशी चालायची. यांच्या मणक्याला बैलगाडीचे हादरे सोसत नव्हते, आणि वालूरच्या पुढं आमच्या काळ्या रानात पावसाळ्यात मोटारसायकल रुतायची. घोडी होती म्हणून हे रान बघत होते.

चारठाण्याचा चुलत दीर मोसंबी घेऊन तब्येत विचारायला यायचा. एकदा घोडीच्या तोंडाशी बराच वेळ उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "वहिनी, डोळ्याखाली केसांचा भोवरा हाय. आसूढाळ म्हणतेत याला. घरधन्यावर येतंय."

तीन वर्षं त्या घोडीला चारा घालत होते, भोवरा कधी दिसला नव्हता. त्या दिवसापासून दुसरं काही दिसेना. यांचा ताप चढला की थर्मामीटर टाकून मी गोठ्यात भोवरा बघायला पळायची.

गिऱ्हाईकही दिरानंच आणलं. जनावर विकलं तरी दावं द्यायचं नसतं, घरची लक्ष्मी जाते, एवढं मात्र मला पक्कं ठाऊक. म्हणून घोडी देऊन टाकली आणि जुनं दावं छातीशी धरून बसले. घोडी त्या परक्या माणसामागंही शांतपणे चालत गेली.

ताप उतरल्यावर यांनी रिकामा खुंटा पाहिला. तुमच्या जिवासाठी विकली, असं मी ऐटीत सांगितलं.

महिन्याभरानं मी एका लग्नाला चारठाण्याला गेले, तर वेशीतून तीच घोडी आली आणि वर आमचा दीर. गिऱ्हाईक त्याचा मेहुणा निघाला. भोवऱ्याचं विचारलं, तर पान चघळत म्हणाला की जाणकाराला दाखवलाय, डोळ्यापासून दोन बोटं खाली हाय, असला अशुभ धरत न्हाईत.

घरी येऊन मी रडले, दिराच्या सात पिढ्या उद्धारल्या. वाटलं, हेही माझ्या सुरात सूर मिसळतील. यांनी सगळं ऐकून घेतलं. मग कंबरेला हात लावून हळूहळू उठले आणि म्हणाले, "त्याचं सोड. मला इचारायचं तरी व्हतं. आजारी व्हतो मी, मेलो नव्हतो."