धोतराच्या आत

जत्रेत कळसूत्री बाहुल्यांचा खेळ रंगला होता. विदूषकाने ऐटबाज पाटलाचं धोतर मागून ओढलं आणि ओरडला, "पाटील, लाज झाका!" पाटलाने वाकून खाली पाहिलं. "झाकू काय? इथे तर काहीच नाही!"

खरंच काही नव्हतं. अंगरख्याखाली ना मांड्या, ना पाय. नुसती हवा आणि तिच्यातून दिसणारा मागचा लाल पडदा. लोक पोट धरधरून हसले. मला मात्र हसू येईना. पाटील उघडा पडला असता तर मीही हसले असते. उघड्या माणसाची कसली भीती? तिथे निदान कुणीतरी असतं.

खेळ संपल्यावर बाहुल्या पेटीत ठेवणाऱ्या बाईंना मी विचारलं, "याला पाय का नाहीत हो?"

"धोतर असतंय ना, ताई. आत कोण बघतंय? पाय लावले की जड होतो, मग नाचत नाही."

मी निघाले, पण ते मनातून जाईना. सून, आई, शाळेतल्या बाई... एकावर एक किती नेसत आले मी, चापूनचोपून. नाचलेही बरी. कुणी ओढलंच, तर मागचा पडदा दिसेल का?

वाटेत वाऱ्याने पदर उडाला. शेजारच्या वहिनी हसत म्हणाल्या, "अहो, सावरा!"

मी घाईने खांद्याकडे हात नेला. बोटांना हाड लागेपर्यंत श्वास घ्यायचं धाडस झालं नाही.