गावाचं दार कोणतं?

मी चौथीत शाळा सोडली. पण हात मोजायला शाळा लागत नाही. त्या दिवशी ग्रामसभेत माझ्या गाईंच्या विरोधात अख्खं गाव हात वर करून बसलं होतं आणि गाईंच्या बाजूनं आम्ही तांड्यातले चार-सहा म्हातारे.

गाव नाल्याच्या पलीकडं, आमचा तांडा अलीकडं, ग्रामपंचायत एकच. गायरानावर झाडं लावली म्हणून तिथं चराईबंदी करायची, असा ठराव. गावात ट्रॅक्टर आले, जनावरं बाजारात गेली. गाई उरल्या त्या आमच्याकडं. आमचे पणजे बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलुख फिरले. दावणीला जनावर नसलं तर आम्हाला घर घर वाटत नाही.

मी उभा राहिलो. म्हटलं, "झाडं लावा ना, कोन नाही म्हनते? नाल्याकाठची पट्टी तेवढी जनावरायले सोडा."

मागून एकजण ओरडला, "काका, गाई बोरीच्या बाजारात नेऊन टाका अन् मोबाईल घ्या!"

सगळे हसले. हसता हसताच हात वर झाले. चहा यायच्या आत निकाल.

आमच्या तांड्याची पंचायत बसायची, तिला नसाब म्हणायचे. तिथं हात मोजत नसत. एकाचीही मान हलली नाही तर कोणी उठायचं नाही. माझा बाप एकदा एकटाच अडून बसला होता. बाकीच्यांनी शिव्या दिल्या, विनवण्या केल्या, जेवणंही तिथंच झाली. शेवटी दोन्हीकडून थोडं थोडं सोडलं, तेव्हा माणसं उठली.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या मेंबरकडं गेलो. नात्यानं भाचा. आम्हीच निवडून दिलेला. मागं तांड्याला नळ मिळत नव्हता, तेव्हा त्याच्या दारात बसून मी तो आणवला होता.

"मामा, माह्या हातात असतं तं केलं असतं," तो म्हणाला. "ग्रामसभेनं ठरवलं. ग्रामसभा म्हंजे तुमीच ना."

"मीच? मंग आता माह्याच दारात जाऊन बसू काय?"

तो हसला. मला हसू आलं नाही.

मग नाला ओलांडून गावात गेलो. ज्यानं ज्यानं हात वर केला, त्याला तोंडावर विचारायचं ठरवलं. किराणावाला म्हणाला, "काका, मले तं लय वाईट वाटलं. पन सगळ्यायचे हात वर गेले, माहाही गेला." चक्कीवालाही तेच बोलला. "चार गाई चरल्यानं काय बिघडते? पन बाजूचे पाहून राह्यले होते ना बाप्पा." ज्याच्या घरी जावं तो चहा पाजायचा आणि माझ्या बाजूनं बोलायचा. चहानं पोट फुगलं. माझ्या विरोधातला माणूस काही सापडला नाही. मग गाई कोंडल्या कोणी? मेंबरला दार आहे, सरपंचाला दार आहे. गावाचं दार कोणतं?

घरी आलो आणि सांगून टाकलं, "नाल्याकडच्या वावरात औंदा सोयाबीन नाही. गवत."

मुलगा चिडला. "बा, घरात चौघं आहो. मत घ्या." त्यानं हात वर केला, सुनेनं केला, बायकोनंही केला.

"सातबाऱ्यावर नाव माहं आहे," मी म्हणालो.

"म्हंजे तिथं गाव, अन् इथं तुमी," बायको म्हणाली.

म्हटलं, "बसा मंग. सगळ्यायची मान हलल्याबिगर कोनी उठायचं नाही. नसाब."

"नसाबात बाईले कधी बसू देलं होतं? ग्रामसभेत निदान माहा हात मोजला."

"कोनीकडं मोजला?"

"ते नका इचारू."

बसलो मात्र चौघंही. मुलगा मोबाईल पाहत बसला, सून भाकरी थंड होतात म्हणून कुरकुरली, गोठ्यात गाई हंबरत राहिल्या. मुलगा म्हणाला गवताला दोनच ओळी, मी म्हणालो अर्धं वावर. शेवटी बायकोनंच तोडगा काढला. नाल्याकाठची पट्टी गवताला, बाकी सोयाबीन. चौघांच्या माना हलल्या.

जेवताना माझ्या ध्यानात आलं. गावाला मी एवढीच पट्टी मागितली होती. ती मिळाली, पण माझ्याच वावरातली.