कोरड्या नदीत वाहून गेलेला भाऊ

आधी चहा घ्या. आणि हसायचं ते मधेच हसून घ्या, कारण शेवटी गोष्ट शकूवर येऊन थांबते आणि तिथे कोणी हसलेलं मला आवडत नाही. मी स्वतः हसतो ते वेगळं.

शकू माझी धाकटी बहीण. माघात तिचं लग्न झालं, तापीपलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याला दिली. ही तिची पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे पहिल्या आखाजीला लेक माहेरी दिसली नाही तर अख्खी गल्ली विचारायला येते. आणि शकूचा तर जीवच त्या सणात. असोद्याला आमच्या घरामागे कडुलिंब आहे, त्याला झोका बांधायचा, मैत्रिणींनी गौराईची गाणी म्हणायची आणि हिने इतक्या वर झोका न्यायचा की आईने खालून शिव्या द्याव्यात.

तिला आणायला भावाने जायचं. म्हणजे मी. मी तेव्हा नुकताच जळगावात नोकरीला लागलेलो, पॅन्टला कडक इस्त्री, खिशात कोरं करकरीत लायसन. लोक कसे जायचे? बसने तापीच्या काठापर्यंत, आणि पुढे सासरची बैलगाडी घ्यायला यायची ती नदीतून पलीकडे. पण मी बैलगाडीत बसू? मी?

आमच्या आबांकडे, म्हणजे थोरल्या काकांकडे, मिलिटरीच्या लिलावातली जीप होती. तिची टायरं अशी गुळगुळीत झाली होती की माशी बसली तर घसरावी. आबा पारोळ्याच्या बाजाराला निघाले होते. जाता जाता म्हणाले, "ने. पण आहे तशी ने."

आता तुम्हीच सांगा, तरुण माणसाला हे असं सांगतात का? मी तशीच जीप काढली आणि जळगावात टायरवाल्या शेटजींच्या दारात उभी केली.

"कुठे जायचं भाऊ?"

"डोंगरात. सातपुड्याच्या पायथ्याला. नुसते दगडगोटे आहेत शेटजी."

"आणि मधे काय?"

"मधे काय असणार? रस्ता."

"तापी लागते ना मधे?"

"वैशाखात कसली तापी? पाणीच नाही तर नदी कसली?"

शेटजींनी माझ्याकडे जरा बघितलं आणि टायरं काढून दिली. त्यांची काय चूक? त्यांनी तर नदीसुद्धा विचारली होती. टायरं मात्र बघत राहावीत अशी! बोटभर खोल खाचा, रबराचे बुटाच्या टाचेएवढे ठोकळे. घड्याळासाठी साठवलेले पैसे त्यात घातले. वर हवा भरणाऱ्याला म्हटलं, "टणटणीत भर. डोंगर चढायचाय." जुनी टायरं असोद्याला गोठ्यात टाकली. एकात आमची खुडूक कोंबडी लगेच जाऊन बसली. तिला किंमत कळली, मला नाही.

आणि सगळ्यात शहाणपणाचं काम तर पुढेच. शकूच्या सासरी निरोप धाडला, "काठावर बैलगाडी पाठवू नका. जीप थेट दारात येईल."

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी निघालो. डांबरी रस्त्यावर ती टायरं अशी घूं घूं करत होती की गावोगावची कुत्री ओळीने निरोप द्यायला येत होती. मला वाटलं, काय रुबाब आहे. काठावर आलो. समोर कोरडं पात्र, पांढरी वाळू, मधे घोटाभर पाण्याची एक धार आणि पलीकडे सातपुडा. मी गिअर टाकला आणि झोकात उतरलो.

खाली जेमतेम वीसेक पावलं गेली असेल जीप. त्या ठोकळ्यांनी वाळू अशी उपसायला घेतली की विचारू नका. मी अॅक्सिलेटर दाबला. चाकं जोरात फिरली, जीप खाली गेली. आणखी दाबला, आणखी खाली. मागे उडालेली वाळू एका टरबुजाच्या वाडीवर पाऊस पडावा तशी पडत होती. वाडीवाला नथ्थूभाऊ शांतपणे उठून आला. जरा वेळ बघत उभा राहिला.

"भाऊ, इहीर खंदी ऱ्हायना का?"

"नाही हो, गाडी काढतोय."

"मंग ती खाले का जाई ऱ्हायनी?"

मागे घ्यावी म्हणून रिव्हर्स टाकला तर जीप तिरकी होऊन त्याच्या वेलांवरच बसली. मला वाटलं आता हा मारतो. तो म्हणाला, "मन्हा येल तर गयात. आते बस. टरबूज खाय." त्याचे बैल आठवडी बाजाराला गेलेले. मग त्याच्या बायकोलाच म्हटलं, ताई, तुम्ही टरबुजं विकायला पलीकडच्या गावात जाताय ना, माझ्या बहिणीच्या घरी सांगा, जीप नदीत अडकलीय, बैल पाठवा.

बाई चांगली. पण तिचा धंदा दारोदारीचा. शकूचं सासर गावाच्या पार वरच्या टोकाला. पहिल्या दारात तिने सांगितलं, जीप नदीत अडकली. तिथून तिच्या पुढे ती बातमीच धावत सुटली. चावडीपाशी झालं, जीप नदीत गेली. मारुतीपाशी झालं, पाहुणाही गेला. आणि शकूच्या दारात, जिथे ती सकाळपासून नवी साडी नेसून ट्रंकेवर बसली होती, तिथे बाईच्या आधी शेजारीण पोचली आणि म्हणाली, भाऊ वाहून गेला.

वैशाखात वाहून जायला पाणी कुठलं, हे त्या गावात एकालाही सुचलं नाही. पण मी कोणाला नावं ठेवू? नदीचा विचार न करणाऱ्यांत पहिला मीच.

दुपारी पलीकडच्या काठावर आधी आरडाओरडा ऐकू आला. मग माणसं दिसली. पुढे शकू, अनवाणी, तापल्या वाळूत धावत, ऊर बडवत. मागे तिची सासू, मागे निम्मं गाव. आणि मी जीपच्या सावलीत मांडी घालून बसलेलो, हनुवटीवरून टरबुजाचा रस ओघळतोय.

शकू थांबली. माझ्याकडे बघितलं, जीपकडे बघितलं, टरबुजाकडे बघितलं.

"दादा," ती म्हणाली, "बी तरी थुंक."

सगळे हसले. ती पण हसली, रडता रडता. फक्त सासूबाई हसल्या नाहीत. "रडत निंघेल सून माहेरले जास नई," त्या म्हणाल्या. "आज नई. सकाय." त्यांच्या घरची रीतच तशी. मी हात जोडले, गयावया केली. त्या म्हणाल्या, "भाऊ, रीत मोडनी आनि काही झायं, तर?" उद्या म्हणजे आखाजीचाच दिवस. शकूच्या पायाला फोड आले होते, ते ती बघत बसली.

बैलही त्या दिवशी मिळाले नाहीत. माझा तो आधीचा निरोप आल्यावर सासरच्यांनी आपली बैलगाडी शेजाऱ्याला दिली होती, त्याची लेक आणायला. ती लेक वेळेवर माहेरी पोचली, बरं का.

दुसऱ्या दिवशी बैल आले, दोर लावून जीप पलीकडच्या काठाला ओढली, शकूला घेतलं. मग परतताना वाळूची भीती वाटून पुलावरून लांबचा फेरा घेतला. असोद्याला पोचलो तेव्हा दिवस कलला होता. गौराई बोळवून बाया परतत होत्या. मैत्रिणी शकूच्या गळ्यात पडल्या आणि आपापल्या घरी गेल्या. झोक्याचा दोर आबांनी सोडून पुन्हा विहिरीवर नेला होता. लिंबाखाली नुसती पायांनी उकरलेली माती.

आबा जीपभोवती एक फेरी मारून आले. "नदीत वाळूवरून तरंगत जायची रे ती जुनी," एवढंच म्हणाले.

मी गोठ्यात गेलो. कोंबडीला उठवलं, ती चोच मारून उठली. ते जुनं टायर आणलं, जीप ओढलेला दोर अजून मागेच पडला होता, तो लिंबाच्या फांदीवर टाकला आणि टायर बांधलं. शकू त्यात बसली. हात फिरवून म्हणाली, "किती गुळगुळीत आहे रे दादा. साडीसुद्धा अडकत नाही. हेच लावून का नाही आलास?"

मी मागे उभा राहून झोका देत राहिलो. दोन दिवसांत मी ढकलल्यावर पुढे गेलेलं ते एकच टायर. आणि तेही दर खेपेला मागे येत होतं.