वाढतं ऑइल

गाडी ऑइल खाते, हे नागपुरातल्या कोणत्याही गल्लीत ऐकायला मिळतं. माझी गाडी ऑइल वाढवत होती. हे ज्याला सांगितलं त्याने आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मग पोटभर हसून घेतलं.

गाडी तशी बाबांची. साधी, जुनी मोटरसायकल; तिच्यावर त्यांनी अख्खी नोकरी काढली. गुडघे गेल्यावर चावी मुकाट्याने माझ्या हातात दिली. मुकाट्याने म्हणजे अगदी तसंच, कारण बाबा कोणाकडे काही मागत नाहीत आणि कोणाला काही सांगत नाहीत. पाण्याचा पेलासुद्धा भिंत धरून उठतील आणि स्वतः घेतील. मी कुहीजवळच्या एका शाळेत शिकवतो. सकाळच्या शाळेच्या वेळेला धड बस नाही, म्हणजे गाडी बंद तर मी घरी.

अशात ती धूर फेकायला लागली. निळसर, खवट वासाचा. मागचे गाडीवाले शिव्या घालत पुढे जायचे. जरा चढ आला की जीव सोडायची, आणि शाळेत पोचेपर्यंत पँटीवर ऑइलचे शिंतोडे. चौकातल्या मिस्त्रीने गाडीला हातही न लावता निकाल दिला, पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन खोला लागते. या लोकांना इंजिन खोलायची एवढी घाई का असते देव जाणे. मी म्हटलं, बाबा रे, आधी ऑइल तर पाहा.

त्याने गाडी मेन स्टँडवर सरळ उभी केली, ऑइल पाहायची कांडी काढली, पुसली, परत आत टाकून काढली. ऑइल वरच्या खुणेच्याही वर. एअर फिल्टर उघडला तर तोही ऑइलने चिंब. जास्तीचं ऑइल वाट मिळेल तिथून वर चढत होतं आणि जळत होतं, धूर त्याचा. तो म्हणाला, तुम्हीच जास्त भरलं, सर. मी एक थेंब टाकला नव्हता. त्याने जास्तीचं काढलं, फिल्टर बदलला आणि गाडी मस्त चालली. थोडे दिवस गेले आणि पुन्हा धूर. पुन्हा कांडी काढली, पुन्हा ऑइल वर.

मग मिस्त्रीला पेट्रोलचा संशय आला. कार्बोरेटरमधून पेट्रोल गळून इंजिनात उतरतं आणि ऑइल वाढल्यासारखं दिसतं, असं त्याचं म्हणणं. मला पटलं. त्याने कार्बोरेटर खोलून आतली सुई बदलली. मी घरी आलो की पेट्रोलचा कॉक बंद करायला लागलो. सकाळी तो उघडायचं विसरायचो, मग उमरेड रोडवर गाडी बंद पडली की स्वतःच्याच नावाने शंख करायचो. ऑइलला बोट लावून वास घेतला, पेट्रोलचा मागमूस नाही. दोन बोटांत चोळून पाहिलं, चांगलं दाट. आणि तरी वर. डोक्याचं पार दही झालं. मिस्त्री म्हणे, म्हैस होय का सर तुमची गाडी, रोज पान्हावून राहिली.

घरी यावं तर बाबा ओट्यावर बसलेले. त्यांचा प्रश्न ठरलेला, ऑइल पाह्यलं का गा. पाहिलं, एवढंच मी म्हणायचो, तरी दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न. मी गाडी साइड स्टँडवर टाकायचो आणि पाय आपटत घरात शिरायचो. शेवटी एका शनिवारी जेवताना मी जाहीरच करून टाकलं, उद्या मिस्त्री येऊन गाडी नेणार, सुटे पार्ट काढून घेईल, पीडा जाईल. बाबा भात तसाच ठेवून उठले. मला त्याचाही राग आला. तेव्हा मला राग यायला काहीही पुरत होतं.

रविवारी अंगणातल्या खुडबुडीने जाग आली. दारातून पाहिलं तर बाबा गाडीपाशी वाकलेले. गाडी साइड स्टँडवर, डावीकडे कललेली. त्यांनी कांडी काढून डोळ्याजवळ नेली, मान हलवली, आणि पायरीखालचा डबा घेऊन ऑइल ओतायला लागले.

आमच्या गाडीची कांडी उजव्या बाजूला आहे. गाडी डावीकडे कलली की उजवी बाजू वर उचलली जाते, ऑइल डावीकडे सरकतं, आणि भरलेलं इंजिनही कमी दाखवतं. हे मला शिकवलं कोणी? बाबांनीच. ऑइल पाहाचं तर आधी गाडी सिधी कर, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय.

मी तणतणतच बाहेर गेलो. म्हटलं, तुम्हीच शिकवायचं आणि तुम्हीच वाकड्या गाडीत ऑइल ओतायचं, तिकडे चौकात माझा पोपट झाला. त्यांनी शांतपणे डब्याला झाकण लावलं.

"कांडीवर कमीच दिसे, अन् मंग धूरही मारून राहिली होती," ते म्हणाले. "मले वाटलं, पिऊन राहिली ऑइल. तुले दूर जा लागते."

"मंग सिधी काहून नाही केली?"

त्यांनी हँडलवरचा हात काढून घेतला. "मेन स्टँडवर नाही चढत आता माह्याच्यानं."

हीच गाडी ते एका पायाच्या दाबात स्टँडवर चढवायचे, शेजाऱ्याशी बोलता बोलता. गुडघ्यांचं मला ठाऊक होतं, पण ते इथपर्यंत आलंय हे ठाऊक नव्हतं. माझा सगळा राग जागच्या जागी बसला आणि मला फार वाईट वाटलं. मिस्त्री आला तेव्हा त्याला चहा पाजला, जास्तीचं ऑइल काढून घेतलं आणि रिकाम्या हाताने परत पाठवलं.

आता संध्याकाळी गाडी मी मेन स्टँडवरच लावतो. सकाळी बाबा कांडी पाहतात आणि बरोबर आहे म्हणतात. धूर नाही. मध्ये एकदा दमून आलो आणि जुन्या सवयीने गाडी साइड स्टँडवर टाकून झोपलो. सकाळी दार उघडलं तर बाबा गाडीशेजारी उभे, हातात फडकं, कांडी अजून जागेवरच. केव्हाचे उभे होते कोण जाणे. मला पाहिलं आणि म्हणाले, "सिधी करून दे गा."