दोन वाऱ्यांमधली दुपार

नागपूरला माझी पोस्टिंग झाली ती सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला. मी हवाई दलात कॉर्पोरल होतो, ट्रेड मेट असिस्टंट. मेट म्हणजे हवामान. सुट्टीत गावी गेलो की लोक विचारायचे, "बंदूक नाही, विमान नाही, मग फौजेत करतोस काय?" मी सांगायचो, हवा बघतो. लोक हसायचे.

मी साताऱ्याकडचा. पाऊस पश्चिमेकडून येतो, हे लहानपणापासून डोक्यात पक्कं. नागपुरातल्या पहिल्याच उन्हाळ्यात ते मोडलं. इथं ओली हवा पूर्वेकडून, पार बंगालच्या उपसागरावरून चालत यायची. पश्चिमेकडून यायची ती राजस्थानची कोरडी, भाजणारी हवा. या दोन्ही हवा शेकडो मैल पसरलेल्या असतात आणि ज्या मुलखावर मुक्काम करतात त्याचा गुण घेऊन निघतात. नागपूर त्यांच्या वाटेत मधोमध आहे.

आमचं रोजचं काम साधं. सकाळी हायड्रोजनचा फुगा सोडायचा आणि थिओडोलाइटच्या दुर्बिणीला डोळा लावून तो कुठं वळतो ते टिपायचं. फुग्याला स्वतःची मर्जी नसते. ज्या थरात जसा वारा, तसा तो जातो.

एअरफ्रेम फिटर कॉर्पोरल नंदेश्वर फुगा सोडताना हमखास यायचा. विमानांचे पंख, शेपूट, चाकं हे त्याचं काम. घर कुहीजवळच्या खेड्यात, घरची धानाची शेती. त्याला माझ्या कामाचं माझ्यापेक्षा जास्त कौतुक.

"सकाऊन सकाऊन आभायात काय पाहून राहिला गा?"

त्याला दुर्बीण दिली. फुगा आधी वायव्येकडे सरकत होता. बऱ्याच उंचीवर गेल्यावर तो थबकला आणि पूर्वेकडे निघाला.

"अरे, हा तं वापस फिरला!"

"खाली बंगालची हवा आहे, वर राजस्थानची."

"दोनी हवाच हाये नं? मंग मिसळत काहून नाहीत?"

हा प्रश्न मी ट्रेनिंगमध्ये कधी विचारला नव्हता. आम्ही दोघं आमच्या मेट ऑफिसरकडे गेलो. फ्लाइट लेफ्टनंट सेन बंगालचे. प्रश्न ऐकून ते खूश झाले. म्हणाले, वरची कोरडी हवा झाकणासारखी बसते. खालची ओली हवा उन्हानं तापते, पण तिला वर जाता येत नाही. दिवसभर ती जोर धरत राहते. मग एखाद्या दुपारी कुठंतरी झाकण फुटतं आणि ती तासाभरात मैलोगणती उंच चढते. तेच वादळ.

"म्हंजे पतीला," नंदेश्वर म्हणाला. पतीला म्हणजे झाकण ठेवून भात शिजवायचं पातेलं, असं मी सेन साहेबांना सांगितलं, तेव्हा ते मोठ्यानं हसले. म्हणाले, हेच उदाहरण आता क्लासमध्ये देणार.

मे महिन्यातल्या एका दुपारी तसं झाकण फुटलं. काटोलच्या बाजूला, म्हणजे वायव्येला, ढग उभा राहिला. त्याचा माथा ऐरणीसारखा सपाट पसरला होता. त्याच वेळी पूर्वेकडून आजारी जवानांना घेऊन एक डकोटा विमान आमच्याकडे येत होतं. मागे रायपूरलाही वादळ सुरू झालेलं. परत फिरायला जागा नव्हती.

विमान वाऱ्याकडे तोंड करून उतरतं. त्या घडीला वारा आग्नेयेकडून होता. म्हणून टॉवरनं पायलटला वायव्येकडून, म्हणजे बरोबर ढगाच्या बाजूनं, आत यायला सांगितलं होतं.

सेन साहेबांनी फोन उचलला.

"टॉवर, मेट. हा वारा त्या ढगानंच ओढून घेतलाय. आता वारा उलटणार. आग्नेयेकडून आत घ्या."

"मेट, विंड अजून साउथ-ईस्ट आहे. शुअर?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीत होतो. क्षितिजावर मातीची भिंत उभी राहिली होती.

"सर, धूळ उठली. आपल्याकडे सरकतेय."

"शुअर," साहेब म्हणाले.

डकोटा आग्नेयेकडून आलं, थोडा पाठवारा घेऊन लांबवर पळालं आणि थांबलं. ते डिस्पर्सलला, म्हणजे विमानं उभी करायच्या मोकळ्या जागेत, आणून उभं केलं. स्ट्रेचर अजून आतच होते. डकोटा हलक्या शेपटीचं विमान. तसंच सोडलं तर वारा त्याला उलथून टाकतो. हाताला लागेल तो माणूस दोरांवर धावला. मीही धावलो.

डावा पंख नंदेश्वरकडे होता. जमिनीतल्या लोखंडी कडीला दोर बांधायचा होता. मी ताणून धरला, तो गाठ मारू लागला. आधी एक गार झोत आला. नंदेश्वरनं गाठीवरून मान वर केली नाही. ढगातला पाऊस कोरड्या हवेत पडता पडता सुकतो, ती हवा थंड होते, जड होते आणि खाली आपटून जमिनीवर चहूकडे धावते. मला हे सगळं पाठ होतं. अंगावर घेत होतो पहिल्यांदाच.

मग जोर आला. पंख वर उचलला जाऊ लागला.

"सोडू नको गा!" नंदेश्वर ओरडला. "झालंच!"

गाठ बसली. तेवढ्यात शेडचा पत्रा उडून आला आणि नंदेश्वरला मागून लागला.

पंख जागेवर राहिला. आतले सगळे जवान सुखरूप उतरले. नंदेश्वर दवाखान्यात पोहोचण्याआधीच गेला.

सेन साहेब आणि मी त्याला घेऊन कुहीकडे गेलो. सगळं उरकल्यावर त्याच्या आईनं मला जवळ बसवलं. म्हणाली, "भाऊ, हवेनं पोरगा मेला, असं सांगून राहिले लोक. हवेनं कसा मरंन मानूस?"

मी तिला सांगितलं. दोन्ही हवा, झाकण, ढग, थंड होऊन कोसळणारा वारा. शब्द सोपे करत गेलो. सेन साहेब मान खाली घालून बसले होते.

शेवटी तिनं विचारलं, "थंडा वारा व्हता म्हनता. त्याले गार लागलं असंन का गा?"

"नाही माय," मी म्हणालो. "दिवसभर आग पडली होती. पहिली झुळूक आली तेव्हा त्यानं टोपी काढून तोंड वर केलं. त्याला बरं वाटलं होतं."

कॉर्पोरल नंदेश्वरनं तेव्हा तिशीही ओलांडली नव्हती.