साडूंचे विलायती व्याही

वसईवर स्वारी करायला परदेशी माणसं पूर्वीही आली; पण परदेशी विद्यापीठाला माणिकपूरच्या आपल्या तीन खोल्यांच्या कॉलेजात बोलावून वर त्यालाच अटी घालणारा गृहस्थ माझ्या पाहण्यात एकच, आमचे साडू. नव्वद सालानंतर जो तो मुलांना तिकडे कसं पाठवावं या विवंचनेत असताना हे विद्यापीठालाच इकडे आणायला निघाले. दोन वर्षं आपल्याकडे शिकायचं, तिसरं इंग्लंडात, पदवी तिकडची, असा बेत. बोलणी सुरू झाली आणि त्यांनी घरातलं घड्याळ इंग्लंडच्या वेळेला लावलं. संध्याकाळी साडेपाचला म्हणायचे, "बारा वाजले, पानं घ्या." मेव्हणी निमूटपणे चहा पुढे ठेवायची.

विद्यापीठाला ते 'व्याही' म्हणत, आणि तेही अगदी मनापासून. पाहणीला तिकडच्या बाई आल्या तेव्हा त्यांच्यापुढे कांदेपोहे आणि सांडोरची केळी ठेवली होती. बाईंनी संगणक पाहिले, पुस्तकं पाहिली आणि करार पुढे सरकवला. साडूंनी पेन खिशातच ठेवलं. "आता आमची पाळी. लेक द्यायची तर आम्हीही घर बघतो," म्हणाले. करार होणारच या भरवशावर पहिली तुकडी केव्हाच शिकायला बसली होती. तो फिसकटला असता तर पोरांची वर्षं फुकट जाणार होती. त्या तुकडीत पाचूबंदरच्या एका मासळीवालीची लेक होती. साडूंनी तिच्या आईला पुढे बसवलं.

"पोरीला ताप आला त कोन बगल?" तिने विचारलं.

साडूंनी इंग्रजीत सांगितलं. बाई म्हणाल्या, त्यासाठी आमचा स्वतंत्र विभाग आहे.

"विभाग कपाळावर हात ठेवतो का?"

साडूंनी मासळीवालीचा हाही प्रश्न इंग्रजीत सांगितला. बाई म्हणाल्या, "मी स्वतः बघेन." साडूंनी तत्क्षणी सही केली. एवढा हट्टी आणि एवढा मोठा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पोरगी उत्तम पास झाली. पदवीदानाला विद्यापीठाने साडूंना तिकीट देऊ केलं. त्यांनी कोट शिवून घेतला, तो घालून घरातल्या घरात फिरून झालं, आणि मग भांडून ते आमंत्रण मुलीच्या आईच्या नावावर करून घेतलं. "असा सोहळा आधी आईने बघायचा. मी पुढच्या वर्षी जाईन."

त्याच वर्षी विद्यापीठाला वसईचा कारभार परवडेनासा झाला, आणि सोयरीक संपली. साडूंनी ते विद्यापीठ अजून पाहिलेलं नाही. मेव्हणी दसऱ्याच्या सुमारास तो कोट उन्हात टाकते, तेव्हा ते वर्तमानपत्र जरा उंच धरून वाचतात. मला तिथे बसवत नाही.